सुरा ओढ्याकाठचा आखाडा : हर्मिटच्या गाण्यांच्या प्रकल्प नोंदी

पक्षी: लांबचोच्या हर्मिट (फेथॉर्निस लाँगिरॉस्ट्रिस), हमिंगबर्ड कुळ
जागा: ला सेल्वा जीवशास्त्र केंद्र, सारापिकी, कोस्टा रिका
काम: एकाच आखाड्यातले नर कोणतं गाणं गातात आणि ते शेजाऱ्यांशी जुळतं का, हे तपासणे

4 फेब्रुवारी

पहाटे अंधारातच निघालो. सिमेंटच्या पायवाटेवर सायकल, ती संपली की गमबूट आणि चिखल. गमबुटांशिवाय इथं कुणी रानात शिरत नाही. तेर्सिओपेलो हा विषारी साप पालापाचोळ्यात असा काही मिसळून पडलेला असतो की टॉर्चच्या झोतातही पटकन वेगळा दिसत नाही.

ओढ्याच्या अलीकडं थांबून टॉर्च बंद केला. साडेपाचच्या सुमाराला पहिला आवाज आला, ‘त्स्वीक’. सेकंदभर शांत. परत ‘त्स्वीक’. मग डावीकडून दुसरा सुरू झाला, पाठीमागून तिसरा, आणि उजाडेपर्यंत सगळी झुडपं बोलायला लागली. पक्षी एकही दिसत नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर, बारीक काटकीवर बसून तो गातो आणि प्रत्येक सुरासरशी शेपटी हलवतो. उजेड वाढल्यावर दिसली ती आधी शेपटीची पांढरी टोकंच.

हाच आमचा आखाडा. इंग्रजीत याला ‘लेक’ म्हणतात, पण या वहीत मी आखाडाच लिहिणार आहे. इथं फुलं नाहीत, घरटी नाहीत, खाण्यासारखं काही नाही. नर जमतात ते गाण्यासाठी आणि जागा राखण्यासाठी. मादी येते, एखाद्या नराला पसंत करते आणि निघून जाते. पुढं पानाच्या टोकाखाली घरटं बांधणं, दोन अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं, हे सगळं ती एकटी करते.

6 फेब्रुवारी

आज पाऊस. जुनी कामं परत वाचली.

याच ला सेल्वात गॅरी स्टाइल्स आणि लॅरी वुल्फ यांनी या पक्ष्याच्या आखाड्यांचा सविस्तर अभ्यास केला आणि तो 1979 मध्ये छापला. तेव्हा हा पक्षी लांबशेपट्या हर्मिटमध्येच धरला जायचा. मोठ्या आखाड्यात वीस-पंचवीस नर असू शकतात, डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत गाणं चालतं आणि नर दिवसाचा मोठा भाग तिथंच काढतो, हे त्यांनी दाखवलं. त्याच्या आधी त्रिनिदादमध्ये डेव्हिड स्नो यांनी लहान हर्मिटच्या गायनसभा अभ्यासल्या होत्या (1968). शेजारशेजारच्या नरांचं गाणं सारखं असतं आणि थोड्या अंतरावर ते बदलतं, ही गोष्ट तिथून पुढं आली.

मला हाच धागा धरायचा आहे. हर्मिटचं गाणं पाठ्यपुस्तकात ‘प्रणयगीत’ या मथळ्याखाली येतं. मथळा चुकीचा नाही. पण मादी येते क्वचित. शेजारचा नर मात्र दहा-पंधरा मीटरवर सकाळपासून बसलेला असतो. गाणं त्याच्या कानावर सर्वांत जास्त पडतं. म्हणून शेजार समजल्याशिवाय हे गाणं समजणार नाही, असं मला वाटतं.

एक जाता जाता. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. महाराष्ट्रातून ‘आमच्या बागेतला हमिंगबर्ड’ म्हणून जे फोटो मला येतात, ते बहुतेक शिंजीर असतात. शिंजीर सुंदरच आहे, पण त्याचं कुळ वेगळं. फुलातला मध पिण्याची सवय दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी मिळवली.

9 फेब्रुवारी

काटक्यांचा नकाशा. प्रत्येक गाणारा नर ठरावीक दोन-तीन काटक्या वापरतो. त्यांच्या खाली जमिनीत रंगीत फीत बांधलेल्या काड्या रोवल्या. ओढा मधून जातो. पश्चिमेला दाट, पूर्वेला जरा मोकळं. सध्या पक्की जागा असलेले बारा-तेरा नर दिसतात, शिवाय काठाकाठानं फिरणारे, कुणी बसू न दिलेले काही.

15 फेब्रुवारी

आज जाळी लावली. नराला ओळख नसेल तर ध्वनिमुद्रणाला काही अर्थ उरत नाही. दोन हर्मिट शेजारी ठेवले तर मला ते वेगळे सांगता येणार नाहीत, नर-मादीसुद्धा लांबून सारखेच. मादीची चोच किंचित आखूड आणि जास्त वाकलेली असते, पण ते हातात घेतल्यावर कळतं.

पक्ष्याचं वजन सहा ग्रॅमच्या आसपास. मुठीत धरलं तर वजन जाणवतच नाही, जाणवते ती धडधड. आधी बारीक नळीतून साखरपाणी. चोच आत गेल्याबरोबर तो पकडला गेल्याचं विसरल्यासारखा प्यायला लागतो, पाण्याची पातळी उतरताना दिसते. मग पायात क्रमांकाचं अॅल्युमिनियमचं कडं. कडं इतकं लहान की दुर्बिणीतून वाचणं शक्य नाही, म्हणून पाठीवर रंगीत खूण लागते. तीन रंगांच्या प्लास्टिकची चिमुकली पट्टी दोन पंखांच्या मध्ये चिकटवायची. त्यासाठी वापरतात तो गोंद कृत्रिम पापण्या चिकटवायचा, कारण तो कातडीला अपाय करत नाही. काडीच्या टोकावर थेंब घ्यायचा, पिसं फुंकरीनं बाजूला करायची, पट्टी टेकवायची आणि ती धरेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. पट्टी काही आठवड्यांत पडते. कडं राहतं.

भिंगातून चोचीची वरची बाजू पाहिली. कोवळ्या हमिंगबर्डच्या चोचीवर बारीक आडव्या सुरकुत्या असतात, वय वाढलं की त्या जाऊन चोच गुळगुळीत होते. आज खुणा केलेल्यांत एकाची चोच पूर्ण गुळगुळीत, टोकाशी चांगलीच अणकुचीदार. म्हणजे पक्का वयात आलेला नर. पण जाळ्यात सापडला तो आखाड्याच्या पश्चिम काठावर, जिथं कुणाची काटकी नाही. पट्टी लाल-पांढरी-निळी, वहीत नाव ‘ला-पां-नि’.

हात उघडल्यावर तो क्षणभर तळव्यावरच बसून राहिला. मग गेला.

16 फेब्रुवारी

सकाळभर पाऊस, मुद्रण नाही. इथं वर्षाला सुमारे 4000 मिमी पडतो. महाबळेश्वरचा आकडा याहून मोठा, पण तिथला पाऊस चार महिन्यांचा आणि इथला बारा महिन्यांचा. ओल लागू नये म्हणून माइक सिलिका जेलच्या डब्यात.

23 फेब्रुवारी

ज्यासाठी इतकी खटपट चालली होती, ते आज संगणकाच्या पडद्यावर उमटलं.

कानाला सगळे ‘त्स्वीक’ एकच वाटतात. एक सूर पाव सेकंदाहूनही कमी टिकतो आणि तेवढ्यात साधारण दोन ते नऊ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात फिरून येतो. माणसाच्या कानाला ही धावपळ पकडता येत नाही. ध्वनीचा आलेख काढला, वेळ आडवी, वारंवारता उभी, की आकार उघडा पडतो. पश्चिमेकडच्या नरांचा सूर उंचावरून घसरत येतो आणि शेवटी एकदम वर वळतो. पूर्वेकडच्यांचा सूर दोन तुकड्यांचा, मध्ये केसाएवढी फट, आणि शेवट खालीच. एका नराचे शंभर सूर एकाखाली एक लावले तर ते छापा मारल्यासारखे सारखे. तो जन्मभर नाही, पण निदान या घडीला तरी एकच गाणं गातो.

आणि हद्द कुठं? ओढ्याच्या आसपास. काटक्यांच्या नकाशावर आकारांना रंग दिले तर गावातल्यासारख्या दोन आळ्या दिसतात, पश्चिमेची आणि पूर्वेची. ओढ्याच्या अगदी काठावर ‘पि-का-पि’ हा खुणेचा नर बसतो. त्याची एक काटकी पश्चिमेला झुकलेली आहे, पण गाणं पूर्वेचं.

ला-पां-नि काठावरून गातो, कधीमधी, कुणी हाकलेपर्यंत. गाणं पश्चिमेचं.

2 मार्च

आज भांडण जवळून पाहिलं. ला-पां-नि पश्चिमेकडच्या एका काटकीवर बसला आणि दोन सूर गायला. धनी कुठून आला ते दिसलंच नाही. एक झपाटा, मग दोघं झुडपांतून सरळ रेषेत गेले, चिवचिवाट लांब जाऊन थांबला. धनी परत येऊन गायला लागला तेव्हा त्याच्या गळ्याखालची पिसं विस्कटलेली होती.

चोचीबद्दल इथंच एक काम झालं आहे. आलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्सेलो आराया-सालास यांनी 2015 मध्ये दाखवलं की वयात आलेल्या नरांच्या चोचीचं टोक माद्यांपेक्षा आणि कोवळ्या नरांपेक्षा लांब आणि टोकदार असतं, आणि ज्यांच्याकडं जागा असते त्यांचं टोक जास्त अणकुचीदार असतं. चोच फुलासाठी घडलेली आहे, हे आपण लहानपणापासून वाचतो. इथं तीच हत्यारही आहे.

पण नुसत्या हत्यारावर जागा टिकत नाही. त्याच गटाच्या 2018 च्या कामात निघालं की जागेचा धनी होण्यासाठी अंगापिंडाइतकीच स्थळांची आठवण महत्त्वाची. कारण सरळ आहे. हर्मिट एकाच झाडाला धरून बसत नाही. विखुरलेल्या हेलिकोनिया या फुलझाडांची लांब फेरी मारतो आणि प्रत्येक फुलात मध पुन्हा भरेपर्यंत तिकडं फिरकत नाही. ज्याला ही फेरी नेमकी आठवते, तो लवकर पोट भरून काटकीवर परततो. जो चाचपडतो, त्याची काटकी रिकामी राहते. आणि रिकामी काटकी इथं कुणाची राहत नाही.

9 मार्च

दुपारी, गाणं मंदावलेलं असताना, पि-का-पि च्या काटकीवर नाच. तो बसलेला. दुसरा पक्षी, बिनखुणेचा, त्याच्यासमोर हवेत स्थिर, मग डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. अंतर वीतभर. बसलेला मान वर करून त्याच्या चालीबरोबर चोच फिरवत होता. समोरच्यानं चोच उघडली आणि आतला केशरी रंग इतका भडक दिसला की क्षणभर डोळे तिथंच अडकले. मग दोघांनी जागा बदलल्या. जो हवेत होता तो काटकीवर, काटकीवरचा हवेत. सगळं काही सेकंदांत.

वहीत ‘आगंतुक’ लिहिलं, ‘मादी’ नाही. असेच नाच नर-नरांतही होतात. दिसायला सारखे असलेल्या पक्ष्यांत हावभावावरून लिंग ठरवणं मला मान्य नाही. मीलन प्रत्यक्ष पाहायला मिळणं दुर्मीळच.

2019 च्या एका अभ्यासात या नाचांवरही त्या त्या आखाड्याची छाप असते असं दिसलं. म्हणजे गाण्यासारखा नाचही पाहून उचलला जात असावा. ते काम मी हातात घेतलेलं नाही. कॅमेरा लावून ते वेगळं करावं लागेल.

14 मार्च

गोंगाटाचा दिवस. पहाटे हाउलर माकडं, नऊनंतर रातकिडे. माकडांचा आवाज खालच्या पट्टीतला, तो गाळता येतो. रातकिडे नेमके हर्मिटच्या पट्टीत बसतात, तिथं गाळणी लावली तर गाणंही जातं. यापुढं उजाडल्यापासून साडेआठपर्यंतचंच मुद्रण मापनासाठी घ्यायचं. वाटेत पेकरींचा, म्हणजे इथल्या रानडुकरासारख्या प्राण्यांचा, कळप आडवा आला. आधी वास येतो, मग ते दिसतात.

27 मार्च

पि-का-पि काही दिवसांपासून दिसत नाही. मेला, हाकलला गेला की नुसती पट्टी पडली? पट्टी पडली असती तर त्याच काटकीवर बिनखुणेचा नर दिसला असता. दिसला तो ला-पां-नि. ओढ्याच्या पूर्व काठावर, त्याच झुकलेल्या काटकीवर.

पहिल्या मुद्रणात गाणं पश्चिमेचं होतं, पण चोवीस कॅरेट नाही. शेवटचा वरचा वळसा आखूड झालेला. त्यानंतरच्या सकाळी काही सुरांत वळसा आहे, काहींत नाही. आजच्या मुद्रणात सुराच्या मध्ये फट दिसते. बारीक, धूसर, दर सुराला तेवढीच नाही, पण आहे. एकाच नराचे शंभर सूर एकाखाली एक लावले आणि या प्रकल्पात पहिल्यांदा ते एकमेकांशी जुळले नाहीत.

मी बराच वेळ पडद्यापुढून उठलो नाही. दोन बाजूंना पूर्वेचे शेजारी आणि मध्ये हा, त्यांच्यासारखं गाऊ पाहणारा, आणि त्याची चोच मी स्वतः भिंगाखाली पाहिली आहे. गुळगुळीत. हे पिल्लाचं शिकणं नाही.

5 एप्रिल

आनंदाच्या भरात निष्कर्ष नकोत, म्हणून आधीचं काय माहीत आहे ते एकदा नीट लिहून ठेवते.

ऐकून आवाज शिकणारे पक्षी तीनच गटांत सापडतात हे स्थिरावलेलं मत. गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड. हमिंगबर्डचा पुरावा नुसता कानांचा नाही. 2000 मध्ये एरिक जार्विस आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या दोन हमिंगबर्डांच्या मेंदूत गाताना जागी होणारी सात केंद्रं दाखवली, आणि ती गाणाऱ्या पक्ष्यांच्या व पोपटांच्या केंद्रांशी मिळतीजुळती निघाली. त्या दोन पक्ष्यांतला एक हर्मिटच होता, तांबूस छातीचा.

मोठेपणी गाणं बदलण्याबद्दल: आराया-सालास आणि टिमोथी राइट यांनी 2013 मध्ये याच ला सेल्वातल्या याच पक्ष्यावर दाखवलं की वयात आलेले काही नर गाणं बदलतात. बरेच पक्षी लहानपणी जे शिकतात तेच आयुष्यभर गातात. हर्मिटला ती कवाडं मोठेपणीही उघडी आहेत.

म्हणजे आम्हाला दिसतंय ते नवं नाही. पण बदल होत असताना रोजच्या रोज एका नराचे मधले सूर हाती लागणं, हे मोलाचं आहे. सहसा आधीचं मुद्रण असतं आणि नंतरचं असतं, मधला काळ नसतो.

11 एप्रिल

ला-पां-नि ची पट्टी अर्धी सुटली आहे, निळा तुकडा गेला. उद्या जाळं लावायलाच हवं. कड्याचा क्रमांक वाचल्याशिवाय हा तोच नर आहे असं मी कुठंही लिहिणार नाही.

12 एप्रिल

सकाळी सातच्या आत सापडला. क्रमांक जुळला. पाठीवर नवी पट्टी, रंग तेच. छातीच्या बाजूला एक जुनी जखम, भरलेली. वजन फेब्रुवारीपेक्षा किंचित कमी.

आमच्याबरोबर इथले एक जुने वाटाडे काका आहेत, तीस वर्षं या रानात चाललेले. ते पक्षी हातात कधी घेत नाहीत, लांबून पाहतात. आज जवळ आले. मी विचारलं, ‘काका, हा इकडं टिकेल का?’ त्यांनी शेजारच्या काटक्यांकडं बोट केलं. ‘बघा ना, त्याला आता कुणी फारसं हाकलत नाही.’ खरंच. गेल्या आठवड्याच्या नोंदी चाळल्या. पाठलाग आहेत, पण मार्चअखेरच्या मानानं कमी. गाणं जुळलं म्हणून पाठलाग कमी झाले, की जागा पक्की झाली म्हणून दोन्ही झालं, हे एका नरावरून सांगता येणार नाही. पण प्रश्न नेमका हाच आहे, आणि तो काकांनी माझ्याआधी पाहिला.

20 एप्रिल

पूर्वेचं गाणं आता ठळक. फट स्पष्ट, शेवट खाली, सूर पुन्हा छापा मारल्यासारखे सारखे. वळसा कुठंच नाही.

3 मे

पावसानं जोर धरला. सकाळचे मुद्रणाचे तास कमी मिळताहेत, म्हणून आलेख ओळखण्याची चाचणी उरकून घेतली. सगळे सूर सरमिसळ केले, नराचं नाव, तारीख, काटकी, सगळं झाकलं, आणि दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक आलेखावर ‘पश्चिम’ किंवा ‘पूर्व’ असा शिक्का मारला. मी एक, आणि दुसरी एक विद्यार्थिनी जिनं हा आखाडा पाहिलेलाही नाही. मला कोणत्या नराचं काय व्हावंसं वाटतंय हे माझ्या डोळ्यांत उतरणारच, ते टाळायला हाच उपाय.

बहुतेक सगळीकडं आमचं एकमत. मतभेद एका ठिकाणी गोळा झाले. झाकण काढल्यावर दिसलं, ते मार्चअखेर आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातले ला-पां-नि चे सूर होते. तिनं समासात लिहिलं होतं, ‘हा कुठलाच नाही’.

तक्त्यात ते सूर कुठल्याही आळीत कोंबायचे नाहीत असं ठरलं. त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला आहे, आणि त्या प्रत्येकाची वळशाची लांबी व फटीची रुंदी स्वतंत्र मोजायची. पि-का-पि परत दिसलेला नाही, त्याची नोंद ‘बेपत्ता’ म्हणूनच राहील. उद्या हवा उघडली तर पश्चिमेकडच्या कोपऱ्यात जाळं, तिथं दोन नर अजून बिनखुणेचे आहेत.